सरावाची तक्रार

ट्रेनिंगच्या पहिल्या दिवशी नवीला कळलं, की एचआर ही कर्मचाऱ्यांची मैत्रीण असते. दुसऱ्या दिवशी कळलं, की एचआरने कर्मचाऱ्यांशी मैत्री करायची नसते. तिने हात वर करून विचारलं, "मॅडम, मग नक्की कोणतं धरायचं?" ट्रेनिंग देणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "दोन्ही," आणि पान उलटलं. घरी आईने विचारलं, "तुमच्या ऑफिसात करतात तरी काय दिवसभर?" नवीला काही धड सांगता येईना. "माणसांचं बघतात," ती म्हणाली. आई म्हणाली, "ते तर मीही जन्मभर बघतेय, मला कोणी पगार दिला नाही."

लॉन्ड्री मोठी होती. हॉस्पिटलांच्या आणि हॉटेलांच्या चादरी खाली धुवायच्या, वाळवायच्या, इस्त्री करायच्या आणि वरच्या मजल्यावर ऑफिस. एचआरमध्ये चार सहायक घेतले होते. बाकी तिघांनी आधी कुठे ना कुठे काम केलेलं, त्यामुळे "नवी" हे नाव आपोआप हिलाच चिकटलं. तीन महिने प्रोबेशन होतं आणि पुढे ठेवायचं की नाही, हे मॅडमच्या रिपोर्टावर ठरणार होतं.

तिसऱ्या दिवशीचा विषय होता तक्रार कशी घ्यावी. त्याच्या नऊ पायऱ्या. सरावासाठी मॅडमनी खालच्या कामगारांमधून चौघांना वर बोलावलं होतं आणि प्रत्येकाच्या हातात एकेक कार्ड दिलं होतं. नवीच्या समोर इस्त्रीखात्यातल्या काकू येऊन बसल्या. त्यांच्या कार्डावर लिहिलं होतं, 'तुमची रजा नामंजूर झाली आहे. तुम्ही चिडलेल्या आहात.'

काकूंनी कपाळावरचा चष्मा खाली ओढून कार्ड वाचलं आणि ते पालथं घालून टेबलावर ठेवलं.

"रजेचं काही नाही माझं," त्या म्हणाल्या. "आमच्या खात्याचं मागचं दार आहे ना, त्याला दोन महिने झाले, बाहेरून कुलूप असतं."

नवी गोंधळली. हे कार्डावर नव्हतं. तिने मॅडमकडे पाहिलं, तर त्या मागे उभ्या राहून घड्याळ बघत होत्या. पायरी तिसरी होती, मधे बोलू नका. म्हणून ती गप्प बसली.

"चादरी चोरीला जातात म्हणे. किल्ली सुपरवायझरच्या खिशात, आणि दुपारी तो जेवायला बाहेर. गेल्या आठवड्यात पुढच्या दाराजवळ वाफेचा पाइप फुटला. आम्ही अकरा जणी मागच्या दाराशी. दार काही उघडेना. माझी सून तिथेच घड्या घालते. सहावा महिना चालू आहे तिला."

"मग?" नवीच्या तोंडून निघून गेलं.

"मग काय, वाफ ओसरली. म्हणून बसलेय तुमच्यासमोर."

नवीने सगळं त्यांच्याच शब्दांत लिहिलं, वाचून दाखवलं, सही घेतली. काकूंनी हात पुढे केला. "पावती?"

तेवढ्यात मॅडमनी टाळ्या वाजवल्या. "वा काकू, वा! कार्डाच्याही पुढे गेलात! आणि बघा, अजून भूमिकेतून बाहेर आलेल्या नाहीत." सगळे हसले, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काकूंना भेट म्हणून एक पेन मिळालं. त्यांनी पेनकडे पाहिलं, नवीकडे पाहिलं आणि जिना उतरून गेल्या.

नवीसमोर फॉर्म पडला होता. त्याच्यावर लाल शिक्का, 'सराव'. सगळे सरावाचे फॉर्म पाच वाजता कागद कापायच्या मशीनमध्ये जाणार होते, कारण ट्रेनिंगच्या पुस्तकाच्या चौथ्या पानावर लिहिलं होतं, की सरावातलं बोलणं खोलीबाहेर न्यायचं नाही. आणि अकराव्या पानावर लिहिलं होतं, की तक्रार कुठेही आणि कशीही केली तरी ती तक्रारच. नवी दोन पानांत दोन बोटं घालून बसली. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय.

"मॅडम, काकू खरंच सांगत होत्या, असं वाटतं मला."

"अगं, चांगलं नाटक खरंच वाटतं. तक्रार करायची असती, तर त्या सरळ ऑफिसात आल्या नसत्या का?"

नवीला तेही पटलं. तिचं दुखणंच ते होतं, जो शेवटी बोलेल त्याचं तिला पटायचं. पण जेवायच्या सुट्टीत जिना उतरताना तिचा पाय मधेच थांबला. पहिल्या दिवशी हजेरीचे नियम शिकवले होते. काम सोडून वर यायचं, तर सुपरवायझरची चिठ्ठी लागते. चिठ्ठी न मागता वर येता येईल, असं गेल्या दोन महिन्यांत एकच काम निघालं होतं, आणि ते म्हणजे आजचा सराव. नवी उरलेला जिना भराभर उतरली.

इस्त्रीखात्यात गरम हवेचा भपकारा आला. तिने मागचं दार ढकललं. ते हललं नाही.

"ओढायचं असतं ते, मॅडम," सुपरवायझर डबा हातात घेऊन निघाला होता, तो म्हणाला.

तिने ओढलं. तरी हललं नाही.

"गंजलंय हो. काय काम होतं?"

"काही नाही. काकूंनी... म्हणजे, काकू, तुम्ही सकाळी..."

काकूंनी मान वर केली नाही. "मी काय, मॅडम? मी कार्डावरचं बोलले." त्यांच्या शेजारी एक पोटुशी मुलगी घड्या घालत होती, ती घड्या घालतच राहिली.

आता मात्र नवी रडकुंडीला आली. दोन्हीकडच्यांनी कानांवर हात ठेवले, मग खोटं कोण? विचारायला कोणी उरलं नाही, म्हणून ती बाहेर पडली आणि इमारतीला वळसा घालून मागे गेली. मॅडमची गाडी लावलेली होती, तिच्यासमोरच ते दार. दाराला कुलूप होतं, नवंकोरं, गंजाचा ठिपकासुद्धा नसलेलं.

ती वर आली. तक्रारींची नोंदवही कपाटावर असायची. शेवटचा नंबर सतरा होता. तिने अठरा टाकला, तारीख लिहिली, काकूंचं म्हणणं उतरवलं.

"काय करतेयस?" मॅडम मागे उभ्या होत्या. "ती सरावाची आहे! खोड आधी."

"तुम्हीच सांगितलंत ना मॅडम, वहीत खाडाखोड चालत नाही."

मॅडमनी अठरा नंबरकडे पाहिलं. "आणि तुझ्या रिपोर्टात काय लिहू मी आता?"

"माहीत नाही," नवी म्हणाली, आणि खरंच तिला माहीत नव्हतं. "पण नववी पायरी आहे, स्वतः जाऊन पाहा."

दोघी मागे गेल्या. मॅडमनी कुलूप हातात धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही. "रोज इथे गाडी लावते मी," त्या हळूच म्हणाल्या. मग फोन काढला. "किल्ली घेऊन या. जेवताय? हात धुऊन या, नाहीतर तसेच या."

संध्याकाळी हजेरीच्या मशीनपाशी नवी पावती घेऊन उभी राहिली. काकूंनी चष्मा खाली ओढून ती वाचली, नंबरवरून बोट फिरवलं आणि चार घड्या करून चष्म्याच्या डबीत ठेवली.

"काकू, दुपारी तुम्ही नाही म्हणालात, तेव्हा माझा फार गोंधळ झाला."

"माझा सकाळीच झाला होता," काकू म्हणाल्या. "मी सगळं खरं सांगितलं आणि तुम्ही टाळ्या वाजवल्यात. मला वाटलं, नाटक तुमचंच चाललंय."

नवीने खाली पाहिलं. सकाळी टाळ्या तिनेही वाजवल्या होत्या.