कोरी ठेवलेली चौकट

मी एक जुना तक्ता आहे, मित्रांनो. कागदावरचा नव्हे, संगणकातला, आडव्या-उभ्या चौकटींचा. पारोळ्याला नेमीचंदशेठ यांचं बियाण्याचं दुकान आहे. त्यांच्या मुलाने, पारसने, चौदा वर्षांपूर्वी मला बनवलं.

दुकानात कामिनीताई बियाणं तपासतात. हरभऱ्याचे शंभर-शंभर दाणे चार ताटल्यांत ओल्या कागदावर ठेवायचे, उगवलेले मोजायचे आणि आकडे मला द्यायचे. सरासरी काय, कुणीही काढतं. मी त्यापुढचं सांगायचो. शंभरात पंच्याण्णव वेळा खात्री हवी असेल, तर शेकडा निदान किती दाणे उगवतील, असं उलटं गणित माझ्या एका सूत्रात होतं. उत्तर कमी आलं की शेवटच्या चौकटीत 'विकू नका' उमटे. एरवी ती कोरी. शेतकरी माझा छापील कागद बघून पिशवी उचलायचे आणि मी मनातल्या मनात मिशीला पीळ भरायचो.

दसऱ्याला हंगामाचा पहिला कागद छापून त्यावर कुंकू लावायचं, ही शेठजींची रीत. एका वर्षी आकडे अर्धवट भरले गेले आणि सूत्र अडून त्या कागदावर 'चूक' अशी खूण उमटली. शेठजींचा चेहरा उतरला. "पहिल्याच कागदावर अपशकुन नको रे," ते म्हणाले. वडिलांचा शब्द मोडायचा कसा? सूत्र अडलं तर चौकट कोरी ठेवायची, असं पारसने मला शिकवलं. मीही निमूट शिकलो.

गेल्या वर्षी दसऱ्याआधी नवं सॉफ्टवेअर आलं. माझं ते उलटं सूत्र त्याला उमगेना. त्यात हरभऱ्याच्या दोन ताटल्या भरभरून उगवल्या होत्या, दोन निम्म्याच. सूत्र अडलं. मी चौकट कोरी ठेवली. कामिनीताईंना वाटलं, बियाणं चांगलं आहे.

झुलालनाना वीस वर्षांचं गिऱ्हाईक. त्यांनी सगळ्या रानासाठी तेच नेलं. पंधरा दिवसांनी आले ते पायरीवरच बसले.

"बी निम्मं सुद्धा उगनं नही, पारसभाऊ. बठ्ठं वावर उघडं शे. मी कागद दखीसनच बी लिधं."

सगळं रान उघडं, आणि बी घेतलं होतं माझा कागद बघूनच. पारसने दुसरं बियाणं पुढे केलं. नानांनी मान हलवली. "आते जमीनमा वल कोठे शे?"

ओल उडाली की कोरडवाहू रानात दुबार पेरणी होत नाही. नानांचं रान पडीक राहिलं. मला फार वाईट वाटलं, अजून वाटतं. मी अडलोय हे मला कळत होतं. सांगायला जागाही होती.

पारसने सूत्र सुधारलं, ती झाकपाक काढून टाकली. आता अडलो तर भर दसऱ्यालाही सांगतो, आणि शेठजी त्याच कागदाला कुंकू लावतात.

मित्रांनो, जुन्या तक्त्याला नवं सॉफ्टवेअर द्याल, तेव्हा ज्याचं उत्तर ठाऊक आहे असं एखादं गणित आधी घालून बघा. आणि चूक झाकायला कुणाला शिकवू नका.

यंदा नाना आले. कामिनीताईंनी कागद पुढे केला.

"ऱ्हाऊ दे बेटा. मी मूठभर दाना लई जास. घर गोनपाटमा उगाडी दखसू, मंग लिसू."

त्यांनी कागद वाचलाच नाही. यंदा माझं उत्तर बरोबर होतं.