मला न दिसलेली दीपमाळ

मित्रांनो, मुंजाजी नावाड्याच्या घरात देवळीतल्या पणतीशेजारी वाटीएवढी एक काळी चकती ठेवली आहे ना, ती मी. आता माझी तार तुटली आहे, अंगाला तडा गेला आहे. पण एके काळी येलदरीच्या धरणाच्या पोटात काय दडलं आहे, हे मला विचारल्याशिवाय कोणी सांगत नसे.

जन्म माझा परदेशातल्या एका कारखान्यातला. त्यातलं फारसं काही आठवत नाही. खोक्यातून बाहेर आले ती थेट पूर्णेच्या पाण्यावर, १९८६ सालच्या भादव्यात. धरणात गाळ किती साचला ते मोजायला एक नाव आली होती. नावेच्या पुढच्या टोकाला बॅटरीवर चालणारी छोटी मोटार होती आणि तिच्या पाण्यातल्या बुडाला मला पट्टीने आवळलं होतं. मोठ्या इंजिनाच्या धडधडीत मला काही ऐकू येत नसे, म्हणून ही मोटार नावेला सावकाश ओढत नेई. माझं काम सोपं होतं. खाली तोंड करून एक बारीक हाक मारायची. हाक तळाला धडकून परत यायला किती वेळ लागला, त्यावरून नावेतलं यंत्र कागदावर खोली उमटवायचं.

हाकेला ओ ऐकण्याची मला लवकरच चटक लागली. खाली एक बुडालेलं गाव होतं. कुठे बांध लागायचा, कुठे विहिरीचं भोक. पुढे काय असेल, या उत्सुकतेने मला दिवस पुरत नसे.

या मोजणीच्या साहेबांचं नाव शिवमूर्ती. वालूरचा तरुण इंजिनिअर, कामाला चोख, जिभेला तिखट. पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं, "या यंत्राला माझ्याशिवाय कोणी हात लावायचा नाही. ज्याने लावला, तो दुसऱ्या दिवशी नावेवर दिसणार नाही."

नाव चालवायचा मुंजाजी. त्याचा जन्म त्या बुडालेल्या गावातलाच. त्याच्याकडे हाता-हातावर गाठी मारलेली एक दोरी होती, टोकाला लोखंडी वजन. मी खोली सांगितली की हा गडी गुपचूप दोरी सोडून ताळा बघायचा. मला त्याचा राग यायचा. इतक्या दुरून आलेल्या माझ्या शब्दावर सुतळीची साक्ष कशाला?

मग खंडेनवमी आली. साहेब पूजेला वालूरला गेले होते. आपल्याकडे त्या दिवशी नांगरापासून शिलाई मशीनपर्यंत सगळ्यांची पूजा होते, मग मी कशी सुटेन? मुंजाजीने मोटार पाण्यातून वर उचलून ठेवली. त्याची बायको चतुराबाई ताट घेऊन आली, वाकून बघितलं आणि थबकली.

"आवं, हिचं त्वांड तर जमिनीकडं हाय. कुकू कुटं लावू?"

"थांब जरा," म्हणत मुंजाजीने पान्हा घेतला, पट्टी सैल केली आणि मला वळवलं. चतुराबाईने मला पुसलं, हळद-कुंकू लावलं, झेंडूचं फूल वाहिलं. माझं तोंड इतक्या प्रेमाने कोणी पाहिलंच नव्हतं. मी हरखून गेले. मग मुंजाजीने मला अंदाजाने पुन्हा खाली वळवलं आणि पट्टी आवळली.

पुढचे बारा दिवस मी नेहमीसारखी हाका मारत होते. ओही येत होती. मला कसलीच शंका आली नाही.

तेराव्या दिवशी साहेबांनी नकाशा पसरला. लोकांची ने-आण करणाऱ्या नावेसाठी रंगवलेली पिंपं सोडून वाट आखून द्यायची होती. त्या वाटेवर मी तीस हात पाणी सांगितलं होतं.

मुंजाजी म्हणाला, "सायेब, हितून नगा नेऊ. खाली देवळाची दीपमाळ हाय. आमची जाळी अडकत्यात तिला. दोरी आठ हातावर ठणकन वाजती. उन्हाळ्यात पाणी उतरलं की नाव बराबर तिच्यावर बसंल."

"दीपमाळ कधीच पडली असेल, मामा. यंत्रात काही दिसत नाही."

"माजी बायको दर आठवड्याला लेकीकडं त्याच नावंतून जाती, सायेब."

"परवा पिंपं सोडायची आहेत," एवढंच साहेब म्हणाले.

मीही मनात म्हटलं, म्हातारा उगाच दीपमाळ दीपमाळ करतो. आज ते आठवलं की मला माझीच लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी मुंजाजी घरची पितळी परात घेऊन आला. तिला तीन दोऱ्या बांधल्या होत्या. "सायेब, एक डाव बगू द्या. ही पाच हातावर सोडतो. तुमच्या यंत्राला दिसती का, बगा."

परात अगदी माझ्याखाली आली. कागदावर काही उमटलं नाही. साहेब पुढे सरकले. मुंजाजीने परात डावीकडे नेली, आणखी डावीकडे. नावेच्या पार बाहेर गेली तेव्हा माझ्या हाकेला अचानक झणझणीत ओ आली. मी दचकले. इतके दिवस मी सरळ खाली बघतच नव्हते. दीपमाळ माझ्या पायाशी होती आणि मी तिच्या बाजूच्या पाण्यात डोकावत होते.

"हिचं त्वांड वाकडं झालंय," मुंजाजी म्हणाला. तो गप्प बसला असता तर कोणाला कळलं नसतं. "आन् ते म्याच केलंय, सायेब. खंडेनवमीला पूजंसाठी फिरवलं हुतं. उद्यापासून येऊ नको म्हणा, पर पिंपं तिथं सोडू नका."

साहेबांनी मोटार पाण्यातून वर उचलली. मग म्हणाले, "ओळंबा मिळेल का कुठे?"

गवंड्याकडून भिंत सरळ आहे का बघायचा ओळंबा आला. मोटारीच्या दांड्याशेजारी दोरा सोडून साहेबांनी पट्टी केसाएवढी सरकवत मला सरळ केलं. नाव पुन्हा त्या जागी गेली. मी हाक मारली आणि आठ हातांवरून दगडाची ओ आली. बारा दिवसांचे कागद साहेबांनी फाडून टाकले आणि सगळं मोजमाप पुन्हा केलं. मुंजाजी नावेवरच राहिला.

पुढच्या वैशाखात दीपमाळेचं डोकं पाण्यावर आलं. पिंपांच्या वाटेने लोकांची नाव तिच्यापासून वीस हात लांबून गेली. नावेत चतुराबाई होती. तिने दीपमाळेला हात जोडले, मग वळून आमच्या नावेलाही जोडले.

मित्रांनो, यंत्राची पूजा जरूर करा, ते आम्हाला आवडतं. पण हात लावलात तर सांगा, आणि परत ठेवताना अंदाजावर सोडू नका. वाकड्या तोंडाने मीही खोटं बोलले, आणि तेही अगदी खात्रीने.

मोजणी संपली, मी निकामी झाले, तेव्हा साहेबांनी मला मुंजाजीच्या ओंजळीत ठेवलं. आता दर खंडेनवमीला चतुराबाई मला कुंकू लावते. मग मुंजाजी मला परत देवळीत ठेवतो, शेजारी ओळंबा धरतो आणि एक डोळा मिटून बघतो. मला आता कुठेच जायचं नाही, हे त्याला ठाऊक आहे. तरी तो मला सरळ करतो.