फाट्यावर न थांबलेली बस

मी बस बोलतेय. आवाज खरखरीत येईल, सांभाळून घ्या. आणि खरं सांगायचं तर, मान वर करून सांगावं असं माझ्याकडे फारसं काही नाही.

कारखान्यातून निघाले तेव्हा मात्र माझा तोरा बघण्यासारखा होता. अंगावरच्या रंगाचा वास गेला नव्हता, तोच मला टेकडीपलीकडच्या एका गावाला लावलं. हमरस्ता सोडून फाट्याला वळायचं, खडखडत खाली उतरलं की गाव. पहिल्या दिवशी अख्खं गाव बघायला आलं. एका म्हातारबुवांनी माझ्या पत्र्यावरून असा हात फिरवला, जशी काही मी त्यांचीच लेक, सासरहून आलेली.

तेव्हा गावात माणूस मावत नव्हता. शाळेत एका बाकावर चौघं बसत. मी त्यांना बाजाराला नेलं, दवाखान्यात नेलं, दिवेलागणीच्या आत घरी आणून सोडलं.

मग गवंडी निघाला, शहरात काम लागलं म्हणून. माझ्या टपावर त्याची ट्रंक चढली. त्याच्यामागे शिंपी गेला, बायकोपोरांसकट. मग मास्तर गेले आणि शाळाच मिटली. जाताना जो तो म्हणायचा, "येऊ की, बस आहे ना." मलाही ते खरं वाटायचं. परतीच्या फेरीला मी रिकामी येते, हे फार उशिरा माझ्या लक्षात आलं.

शेवटी साहेबांचा हुकूम निघाला. गावात माणसंच उरली नाहीत, तर बस कुणासाठी पाठवायची? मी हमरस्त्यानं सरळ पुढे जायचं, फाट्यावर थांबायचंसुद्धा नाही. मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी कुठल्या तोंडानं बोलणार होते? माणसं मीच तर नेली होती.

माझा ड्रायव्हर त्याच गावचा. आई लहानपणीच गेलेली, मावशीनं वाढवलेला. मावशी आणि काका अजून तिथेच राहत होते. काकांनी अंथरूण धरलं होतं आणि त्यांच्या औषधांसाठी मावशीला सारखं शहर गाठावं लागे. हुकमानंतर ती पहिल्यांदा फाट्यावर दिसली, तेव्हा तिनं नेहमीसारखा हात केला. कंडक्टर हळूच म्हणाला की घेऊन टाकू, कोण बघतंय. पण नुकतंच एका ड्रायव्हरला अशीच गाडी थांबवली म्हणून घरी बसवलं होतं. आमच्या ड्रायव्हरनं समोरून नजर हलवली नाही. वेग वाढवला. मावशी पदरानं तोंडावरची धूळ पुसत होती, ते मला आरशात दिसलं.

असं बरेच दिवस चाललं. मग एकदा पुढच्या थांब्यावर ती चढली. तिथवर पायी आली होती. एका चपलेचा अंगठा तुटला होता. तिकीट काढून ती ड्रायव्हरच्या मागेच बसली.

"मावशी, माझा नाइलाज आहे गं," तो म्हणाला.

"कळतं रे मला. तुझी नोकरी आहे, नको थांबवूस. पण बघितलंस, तर बघितल्यासारखं तरी कर. तिथे उभं राहून वाटतं, आपण मेलोबिलो की काय."

थोड्याच दिवसांत त्यानं मार्ग बदलून घेतला. लोक म्हणाले, मावशीला विसरला. मी तसं म्हणणार नाही. मला मार्ग बदलून मागता आला असता, तर मीही मागितला असता. नव्या ड्रायव्हरला मावशी दिसायचीच नाही. मला दिसायची.

आता मी डेपोच्या मागे उभी आहे. चाकं काढून नेलीत, भंगारवाला बघून गेलाय. मावशी हल्ली फाट्यावर दुधाच्या टेम्पोची वाट बघते, असं ऐकलं. तिथे ना झाड, ना आडोसा.

मला मोडू नका. माझा सांगाडा त्या फाट्यावर नेऊन ठेवा, आतली एखाददुसरी सीट राहू द्या. ती माझ्यात येऊन बसेल की नाही, ठाऊक नाही. उन्हातच उभी राहिली, तरी मी समजून घेईन.