तात्यांची झडती

“जीभ वर करा,” काकू म्हणाल्या.

तात्यांनी जीभ वर केली. काकूंनी चष्मा नाकावर सरकवून आत डोकावून पाहिलं, आधी डाव्या गालाच्या आत, मग उजव्या. समाधान झालं न झालं अशा चेहऱ्याने त्यांनी पाण्याचा पेला उचलला आणि मोरीकडे नेला. तात्यांनी तोंड मिटलं. गोळी केव्हाच पोटात गेली होती. घशात अडकला होता तो संताप, आणि तो काही पाण्याने उतरणाऱ्यातला नव्हता.

शहरातल्या बसगाड्यांवर तिकीट तपासनीस म्हणून त्यांनी हयात घालवली होती. उगाच खिसे चाचपणारे, आत्ता तर हातात होतं म्हणणारे, ऐन वेळी खिडकीबाहेर बघत राहणारे, सगळे चेहरे त्यांना तोंडपाठ होते. आणि आता स्वतःच्याच स्वयंपाकघरात ते विनातिकीट प्रवाशासारखे उभे होते. फरक इतकाच, की त्यांच्याजवळ तिकीट होतं. ते दाखवायची काही सोय नव्हती.

हृदयातली झडप बदलल्यापासून रक्त पातळ ठेवणारी एक गोळी त्यांना रोज संध्याकाळी घ्यावी लागे. गोळी कितपत लागू पडतेय हे दवाखान्यात बोटातून थेंबभर रक्त घेऊन बघत. सुरुवातीला सगळं सुरळीत होतं. मग काय झालं कोण जाणे, रक्त पुन्हा घट्ट व्हायला लागलं. डॉक्टरीणबाईंनी गोळीची मात्रा वाढवली, तरी फरक पडेना. शेवटी एकदा त्या पेन खाली ठेवून म्हणाल्या, की गोळी खरोखर पोटात जात असती तर असं झालं नसतं. अशाने एखादी गुठळी मेंदूत जाऊन बसायची. हे सगळं त्या तात्यांना सांगत नव्हत्या. तात्या समोर बसलेले असताना काकूंना सांगत होत्या.

त्या दिवसापासून घरात झडतीसत्र सुरू झालं. काकूंनी गादी उलटीपालटी केली, कोटाचे खिसे बाहेर ओढले, गॅलरीतल्या कुंड्यांमधली माती उकरली. सोफ्याखाली एक पांढरी पेपरमिंटची गोळी सापडली, तर तीवरून तात्यांची अर्धा तास उलटतपासणी झाली. मुलगा परगावी होता. तो फोनवर इकडचं तिकडचं बोलून झालं की, बाबा, गोळी घेतली ना, असं इतक्या हळुवारपणे विचारायचा, की तात्यांना फोन भिंतीवर फेकावासा वाटे. खालच्या मजल्यावरच्या बाईंनीही जिन्यात अडवून जीव किती मोलाचा असतो ते समजावलं.

तात्यांनी अबोला धरला. ज्या घरात आपल्या शब्दाला किंमत नाही तिथे शब्द खर्च करायचाच कशाला, असा त्यांचा हिशोब. सकाळचा पेपर घडी न मोडता पडून राहू लागला. बागेतल्या बाकावर मित्र वाट बघत, तिकडेही ते फिरकेनासे झाले. एकटेच कुठेतरी फेरी मारून येत आणि खिडकीशी बसून राहत.

एक गोष्ट मात्र ते रागातही सोडत नसत, ती म्हणजे सकाळची स्मूदी. ऑपरेशननंतर अन्न जात नव्हतं तेव्हा मुलगा नवा मिक्सर घेऊन आला होता, आणि काकूंनी केळं, सफरचंद, काळी द्राक्षं, थोडं दही असं फिरवून पहिला पेला हातात दिला होता. त्यावरच ते उभे राहिले. अलीकडे तिचा रंग जरा मातकट झाला होता. काकू म्हणाल्या होत्या, द्राक्षांच्या सालींचा रंग उतरतो. तात्यांनी तो विषय तिथेच सोडला होता.

मागच्या तपासणीच्या वेळी काकू औषधांच्या खिडकीशी रांगेत होत्या, तेव्हा बोटाला कापूस लावताना नर्सने तात्यांना सहज विचारलं होतं, की हल्ली पालेभाजी जास्त खाता का? त्याने ह्या गोळीचा जोर उतरतो. तात्या जवळजवळ खेकसलेच. पालेभाजीशी त्यांचं लहानपणापासून हाडवैर. बकऱ्यांचा चारा तो, माणसाने खायचा नाही, हे त्यांनी लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात जाहीर केलं होतं आणि आजवर पाळलं होतं. आता ह्या बाईलाही आपलं खरं वाटत नाही, एवढंच त्यांच्या मनात आलं, आणि ते बाहेर येऊन काकूंशी एक अक्षर बोलले नाहीत.

पुढच्या तपासणीच्या आदल्या दिवशी सकाळी ते फिरायला म्हणून निघाले आणि रुमाल विसरला म्हणून अर्ध्या जिन्यातून परत आले. स्वयंपाकघराचं दार अर्धवट उघडं होतं. ओट्यावर पालकाची मोठी जुडी सोडलेली होती. काकू एकेक पान उजेडात धरून, देठ खुडून, कोवळं तेवढं बाजूला काढत होत्या. मग त्यांनी ती पानं दोनदा धुतली, मिक्सरमध्ये फळांच्या तळाशी दाबली आणि बटण दाबलं. झाकण काढून चमचाभर चाखलं, तोंड वाकडं केलं. अर्धं केळं आणखी घातलं. परत फिरवलं, परत चाखलं, परत चार द्राक्षं टाकली.

तात्या दाराशी खिळले. नर्सचं बोलणं लख्खकन आठवलं, आणि त्यामागोमाग जे आलं त्याला आनंदच म्हणायला हवं. चोर रंगेहाथ सापडला होता. आपली जीभ वर करायला लावणारीच रोज सकाळी आपल्या गोळीवर पालक ओतत होती. ते आल्या पावली मागे फिरले. इथे बोलून काय उपयोग? आरोप डॉक्टरांसमोर झाला होता, निर्दोष सुटकाही तिथेच व्हायला हवी.

फेरीवरून परतल्यावर टेबलावरचा पेला त्यांनी तसाच ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळचाही. काकूंनी एकदा विचारलं, बरं वाटत नाही का? तात्यांनी मान फिरवली. काकू त्या भरल्या पेल्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. तात्या मनातल्या मनात भाषणाची उजळणी करत होते. सुरुवात कशी करायची, कुठे थांबायचं, मुलाला फोन कुणी लावायचा, सगळं ठरलं होतं.

दवाखान्यात बोटाला सुई टोचून झाली. डॉक्टरीणबाईंनी आकडा पाहिला आणि कपाळाला आठ्या घातल्या. तात्यांनी घसा खाकरला.

“डॉक्टर,” त्यांच्याआधी काकूच बोलल्या, “ह्या गोळीच्या जागी इंजेक्शन नाही का मिळत?”

“का? गोळी घेत नाहीयेत अजून?”

“मी समोर उभी राहून देते. तोंड उघडून बघते. तरी कुठे टाकतात कळत नाही.” काकूंचा आवाज अगदी खाली गेला. पर्सचा बंद त्या बोटाला गुंडाळत होत्या. “ह्यांना जगायचंच नाहीये, डॉक्टर. बोलत नाहीत, पेपर उघडत नाहीत, मित्रांत जात नाहीत. कालपासून तर सकाळचं खाणंही सोडलंय. मी आणखी किती पहारा देऊ?”

तात्यांचं पाठ केलेलं भाषण कुठल्या कुठे गेलं. राग होता तिथेच होता, पण तो कुणाच्या नावावर टाकायचा ते त्यांना कळेना. इतके दिवस त्यांना वाटत होतं, बायको आपल्याला खोटारडा समजते. ही तर भलतंच समजून बसली होती, आणि ते मनात धरून एकटीच कुंड्या उकरत होती.

“पालक,” ते म्हणाले.

“काय?”

“मी पालक खातो. रोज. फळांच्या स्मूदीत घालून. गोळी घेतो आणि वर पालकही खातो. तुम्हाला सांगायचं राहिलं.”

काकूंनी चमकून वर पाहिलं. त्या काही बोलणार, तोच तात्यांनी टेबलाखालून चपलेने त्यांची चप्पल दाबली.

मग डॉक्टरीणबाईंनी त्यांना यथास्थित झापलं. शिकलीसवरलेली माणसं, नर्स विचारते तेव्हा नाही म्हणून सांगता, आणि आम्ही इथे मात्रा वाढवत बसतो. तात्यांनी दंड भरावा तसं ते सगळं मुकाट्याने ऐकून घेतलं. शेवटी त्या जरा निवळल्या. पालक सोडायची गरज नाही, म्हणाल्या. फक्त रोज तेवढाच हवा, आज जुडी आणि उद्या काहीच नाही, असं चालायचं नाही. गोळी त्या बेताने बसवून देऊ, आणि आठवड्याने पुन्हा रक्त बघू.

“आवडतो तुम्हाला इतका?” त्यांनी विचारलं.

“फार,” तात्या म्हणाले.

बसथांब्यावर गर्दी नव्हती. दोघं बाकावर बसले. काकूंनी पदर तोंडाशी धरला होता.

“कधी कळलं तुम्हाला?”

“काल.”

“खालच्या बाई म्हणाल्या होत्या, रक्त भरतं म्हणून. तुमचे गाल किती आत गेले होते. रंग कळायला लागला तशी मी द्राक्षं वाढवत गेले. मला काय माहीत...”

“ते राहू दे.” तात्या रस्त्याकडे बघत म्हणाले. आवाज त्यांना वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला. “मला जगायचं नाही, असं तुला वाटलंच कसं? मी काय तसा माणूस आहे?”

“तुम्ही बोलतच नव्हता.”

“मी रागावलो होतो.”

“रागावलोय असं तरी सांगायचं मग.”

एक बस आली, दार उघडलं, मिटलं आणि बस पुढे गेली. ती त्यांचीच होती, पण दोघांपैकी कुणी उठलं नाही.

“किती घालायचीस?” तात्यांनी विचारलं.

“मूठभर. कधी थोडा जास्त.”

“कुणाची मूठ?”

काकूंनी आधी त्यांच्याकडे पाहिलं. मग मूठ मिटून पुढे केली. तात्यांनी ती दोन्ही हातांत धरली, इकडून तिकडून नीट पाहिली आणि सोडली नाही.

“एवढाच,” ते म्हणाले. “ह्यापेक्षा एक पान जास्त नाही.”