भेगेचं माप

ग्रोआच्या कुरणाला लागूनच जमिनीची मोठी भेग होती. ग्रोआ भेगेच्या पूर्वेला राहायची, तिचा थोरला भाऊ ओड्डुर पश्चिमेला. पृथ्वीचे दोन तुकडे म्हणे इथेच एकमेकांपासून सुटतात. म्हणजे भाऊ अमेरिकेसोबत निघालेला, बहीण युरोपसोबत. दुपारी शेवाळावर जरा आडवं पडलं, की आपलं घर, मेंढ्या, चुलीवरची किटली असं सगळं हळूहळू वाहत चाललंय, असं ग्रोआला वाटे. त्या गुंगीत भावाच्या धुराड्यातला धूर बारीक बारीक होत जाई आणि तिला रडू येई.

जागेपणी मात्र दोघांत नऊ वर्षांचा अबोला. डोंगरावरून आणलेल्या मेंढ्या वाटून घेताना एका मेंढ्याच्या कानावरची मालकीची खूण कुणाची, यावरून भर गावासमोर जुंपली होती. मेंढा केव्हाच मेला. बापाकडून दोघांना शेत अर्धंअर्धं मिळालं होतं, हट्ट मात्र अख्खा अख्खा.

बोलणं उरलं होतं ते रविवारचं. भेगेच्या दोन्ही काठांवर खडकात मापासाठी एकेक खिळा ठोकलेला होता. ग्रोआ टेपचं शून्याचं टोक आपल्या खिळ्याशी धरी, पलीकडून ओड्डुर आकडा वाचून ओरडे.

"चार मीटर एकतीस!"

"लिहिलं."

बस्स, एवढंच. पण त्यावर तिचा आठवडा निघे.

दीड वर्षापूर्वी हिल्मार, म्हणजे शहरातून मापं न्यायला येणारा तरुण भूगर्भतज्ज्ञ, सहज बोलून गेला, "भेग वाढायची थांबली की हे मोजणं बंद." तेव्हापासून ग्रोआ टेपचं टोक खिळ्याच्या मागे धरू लागली, दर रविवारी आणखी एक मिलिमीटर मागे. वरून मूठ झाकली, की पलीकडून कुणाला काय दिसतंय! वहीतला आकडा त्याहून जरा जास्तच वाढे. वरची वाढ धरणीची, असं ती धरून चालली होती.

आता हिल्मारनं नवं यंत्र आणलं. मापं घेऊन तो तिच्या स्वयंपाकघरात कॉफी प्यायला बसला.

"ग्रोआ, रागावू नका. भेग दीड वर्षात जागची हललेली नाही. आणि तुमची वही म्हणते, बारा सेंटीमीटर वाढली!"

"बारा?"

"बारा. आकडे वाचतं कोण?"

ग्रोआनं मनात हिशेब केला. बर्फाचे रविवार सोडले, तर सत्तर रविवार. म्हणजे तिचे सात सेंटीमीटर. धरणी तर हललीच नव्हती. मग उरलेले पाच?

तिचा कप हातातच राहिला.

"माझे डोळे गेलेत रे," ती हिल्मारला म्हणाली. "मीच चुकीचं लिहिलं असेल." आणि कप ठेवून ती तडक भेगेच्या काठाशी गेली. पलीकडे ओड्डुर कुंपण दुरुस्त करत होता.

"ओड्डुर!" नऊ वर्षांत तिनं त्याला नावानं हाक मारली नव्हती. "बारा सेंटीमीटरची लबाडी पकडली गेलीय! त्यातली सात माझी!"

त्यानं हातोडी खाली ठेवली.

"मग माझी पाचच," तो म्हणाला. "तू लहानपणापासूनच जास्त लबाड."

"कॉफी घेशील?"

"उरलीय का?"

"नवी टाकते."

"टाक. आलोच."

भेगेला वळसा घालून यायला चांगला अर्धा तास लागे. कॉफी टाकायची सोडून ग्रोआ तिथेच उभी राहिली, तो चालताना दिसावा म्हणून.