फोनवरचा आवाज

ओरादेआ शहरातल्या चपलांच्या कारखान्यात सांदाने बावीस वर्षं शिवणयंत्र चालवलं. कारखान्याला टाळं लागलं, तेव्हा तिच्या चर्चमंडळीच्या पाळकांनी विचारलं, "मोल्दोवात मुलांना शिकवायला जाशील का? देश परका, पण भाषा आपलीच." शिकवणं तिच्या सात पिढ्यांत कुणी केलं नव्हतं. पण हात रिकामे राहिले की तिचं डोकं भिंगरीसारखं फिरे. ती गेली.

नुकारी गावात मिशनची चार माणसं आधीपासून होती, सांदा पाचवी. त्यांचा म्होरक्या तेओफिल. त्याने लावलेली रीत अशी, की रोज सकाळी न्याहारीआधी खुर्च्या गोल मांडायच्या, प्रत्येकाने मनातलं ओझं सांगायचं आणि बाकीच्यांनी त्यासाठी प्रार्थना करायची.

"सांदाताई, इथलं बोलणं इथेच राहतं," तो पहिल्या दिवशी म्हणाला. "खुर्च्या उचलल्या, की संपलं."

सांदाला हे फार भावलं. कारखान्यात कॉफी निवायच्या आत गोष्ट फाटकापर्यंत पोचायची.

गावातल्या निम्म्या मुलांच्या आया इटलीत, परक्यांच्या म्हाताऱ्यांची उस्तवार करायला गेलेल्या. मुलं आज्यांजवळ. बंद पडलेल्या बालवाडीत वर्ग भरायचा. भिंतीवर फ्लॅनेलचा फळा होता आणि त्यावर लावायची चित्रं सांदा जाड लोकरी कापडातून स्वतः कापायची.

"मावशी, हे मेंढरू आहे की डुक्कर?" नऊ वर्षांच्या इलिंकाने विचारलं.

"मेंढरूच, बायबलातल्या गोष्टीतलं. हरवलं होतं तेव्हा कुणाच्या तरी शेतात चरून आलंय. कात्री धर नीट."

इलिंका खो खो हसली. तिचं खरं हसणं तसंच होतं, नाकातून फुर्र करणारं. दुसरंही एक होतं, फोनवरचं. गुरुवारी दुपारी तिच्या आईला, गालिनाला, इटलीतल्या पदुआत सुटी असे. बरोबर चारला तिची फेओदोसिया आजी बटणांचा जुना फोन घेऊन खिडकीशी यायची आणि इलिंकाच्या आवाजाला मध लागायचा. "हो आई. खूप आठवण येते, आई. सगळं छान आहे, आई."

एका दुपारी सांदा म्हणाली, "आज कापडातून आपापली आई कापू या." इलिंकाने केस केले, निळा झगा केला. चेहरा तेवढा कोरा ठेवला.

"डोळे लाव की गं."

इतर मुलं बाहेर पळेपर्यंत ती थांबली. मग म्हणाली, "फोटोतली आई मला माहीत आहे. चालणारी, बोलणारी आठवतच नाही. ती गेली तेव्हा मी चार वर्षांची होते. फोनवर मी खोटं खोटं गोड बोलते, नाहीतर ती खरं रडते. मावशी, कुणाला सांगू नकोस. तिला कळलं तर ती परत येणारच नाही."

"नाही सांगणार."

ते ओझं दोन दिवस सांदाच्या छातीवर पाट्यासारखं बसलं. तिसऱ्या सकाळी गोल खुर्च्यांत तिने ते, पोरीला दिलेल्या वचनासकट, खाली ठेवलं. सगळ्यांनी डोळे मिटून प्रार्थना केली, तेओफिलने तर डोळे पुसले. सांदाला वाटलं, हे काही सांगणं नव्हे. देवापाशी बोलणं ते.

पुढच्या गुरुवारी खिडकीशी आजी आली ती हातात फोन न घेता.

"काय गं देवमाणसं तुम्ही! माझ्या लेकीला भर चर्चमध्ये उघडी पाडलीत? रविवारी पदुआत तुमचं पत्र वाचलं म्हणे. 'नुकारीच्या इ.साठी प्रार्थना करा, वय नऊ, ती आईवरच्या मायेचं सोंग करते.' आजूबाजूच्या बायकांनी माना वळवून गालिनाकडे बघितलं. चार दिवस तिच्या पोटात अन्न नाही!"

सांदा वळली. मागे इलिंका उभी होती. तिने सांदाकडे एकदाच बघितलं आणि आजीचं बोट धरून निघून गेली.

तेओफिल अंगणात चेरी निवडत बसला होता.

"तू म्हणालास, खुर्च्या उचलल्या की संपलं."

"अगं ताई, ते प्रार्थनापत्र आहे. दर महिन्याला सदतीस चर्चमंडळ्यांना जातं. नाव कुठे लिहिलं? नुसतं पहिलं अक्षर."

"नुकारीत नऊ वर्षांची, आई पदुआत असलेली 'इ' किती आहेत रे, भाऊ?"

"तीनशे माणसं तिच्यासाठी प्रार्थना करताहेत. याहून भलं काय करायचं पोरीचं?" त्याने खरोखरच विचारलं. त्याच्या डोळ्यांत कपट नव्हतं, तेच सांदाला सोसवेना. कपटी माणसाच्या निदान थोबाडीत तरी देता येते.

"आणि वचन तूच दिलं होतंस ना पोरीला?" तो हळूच म्हणाला. "मी नव्हे."

सांदा वळून वर्गाकडे परत गेली.

दुसऱ्या सकाळी खुर्च्या गोल मांडल्या. "सांदाताई, तुझ्या मनात काय आहे?"

"गुडघा दुखतो," सांदा म्हणाली. सगळ्यांनी तिच्या गुडघ्यासाठी मनापासून प्रार्थना केली.

सोमवारी इलिंका वर्गात आली. सांदाचा जीव भांड्यात पडला. तिने मुद्दाम सगळ्यात लठ्ठ मेंढरू काढून फळ्यावर लावलं आणि थांबली. कुणीतरी 'डुक्कर!' म्हणून ओरडलं, पोरं हसली. इलिंका हाताची घडी घालून बसून होती.

वर्ग सुटल्यावर सांदा तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली. "इलिंका, माझं चुकलं गं. मी सांगायला नको होतं. रागावलीस ना?"

"नाही, मावशी." आवाजाला मध लागला होता. "तू खूप छान शिकवतेस, मावशी. सगळं छान आहे, मावशी."