एकादशीला लॅपटॉप अडला

दसरा सरला आणि एकादशीची सकाळ उजाडली. साबुदाणा भिजला होता, देवांची आंघोळ झाली होती. संध्याकाळच्या कीर्तनाची एकदा उजळणी करावी म्हणून अंबिकाने लॅपटॉप उघडला, तर पडदा काळाठिक्कर.

"अहो, इकडे या बरं. हा उठत नाहीये."

यज्ञेश्वर तुळशीपाशी पेपर वाचत बसले होते. रेल्वेतून निवृत्त झाल्यापासून पेपर त्यांचा आणि तुळस अंबिकाची, अशी घराची वाटणी होती. "रात्री चार्जिंगला लावला होतास?"

"पूजा आवरल्याबरोबर लावला."

"मग भिंतीतलं बटण दाबलं नसशील."

"हो तर! आयुष्यभर बटणं दाबली ती तुम्हीच. मी ऑफिसात नुसती खुर्ची उबवते."

यज्ञेश्वर पेपर बाजूला ठेवून उठले. तो लॅपटॉप बंद राहिला तर काय होणार, हे त्यांनाही ठाऊक होतं.

झाशीच्या खंडेराव गेटाजवळच्या मराठी मंडळींच्या राममंदिरात या एकादशीला कीर्तन व्हायचं, ते पिढ्यान् पिढ्या. अंबिकाच्या वडिलांनी केलं, त्यांच्यामागे ती करत आली. पण झाशीत मराठी आता स्वयंपाकघरापुरती उरलेली. घरोघरच्या मुलांना कळते, बोलता येत नाही. सुना बुंदेलखंडातल्या, त्यांना कळतही नाही. गेल्या वर्षी समोर माणसांपेक्षा सतरंजीच जास्त दिसत होती. तेव्हा मंदिराचे विश्वस्त आबासाहेब तोंडावरच म्हणाले होते, "अंबिकाबाई, पुढच्या खेपेला शेवटचं बघू. लोक बसले तर ठीक, नाहीतर एकादशीला हिंदी भजनसंध्या."

यावर तिने जिद्दीने तोड काढली होती. सगळा श्रावण-भाद्रपद खपून तिने कीर्तनातली ओळन् ओळ लॅपटॉपवर चढवली. डावीकडे मराठी, उजवीकडे हिंदी अर्थ. ऑफिसातल्या मैत्रिणीचा प्रोजेक्टर मागून आणला. ती गाणार आणि मंदिराच्या पांढऱ्या भिंतीवर ओळी उमटणार. पेन ड्राइव्हवर एक प्रत उतरवून ठेव, असं यज्ञेश्वर किती दिवस कानीकपाळी ओरडत होते. ती म्हणायची, दसरा होऊ द्या. दसरा झाला आणि सगळं त्या काळ्या पडद्याआड अडकलं.

दोघं स्कूटरवरून सदर बाजारात गेले. दुकानात दिवाळीची गर्दी. दुकानदाराने स्वतःचा चार्जर खुपसला, दोनदा हलवला आणि मान उडवली.

"बोर्ड गया, माताजी. छोड़ जाइए, हफ़्ता लगेगा."

"हमारा तो आज शाम को कीर्तन है, भैया!"

"तो भगवान को मोबाइल पे सुना दीजिए," तो हसून म्हणाला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

अंबिकाने लॅपटॉप उचलून पदराखाली घेतला. "चला हो. ज्याने आत डोकावलंसुद्धा नाही, त्याच्या सांगण्यावरून मी याला मेलेला म्हणणार नाही."

घरी पाऊल टाकतात तोच आबासाहेबांचा फोन. यज्ञेश्वरांनी उचलला आणि त्या भोळ्या माणसाने खरं ते सांगून टाकलं.

"छानच झालं," आबासाहेबांचा आवाज फोनबाहेर ऐकू येत होता. "म्हणजे वाईट झालं हो. पण गजाननची भजन पार्टी तयारच आहे, मी त्याला सांगतो..."

अंबिकाने फोन हिसकावला. "आबासाहेब, यंत्र अडलंय. मी अडलेली नाही. संध्याकाळी येते."

फोन ठेवला. घटकाभर ती देवासमोर डोळे मिटून बसली. मग उठली आणि पदर खोचला.

कीर्तन शिकवताना वडील सांगायचे, कोडं पडलं की पहिल्या पायरीपासून चढावं, मधूनच उडी मारू नये. तिने तसंच केलं. भिंतीत वीज आहे का? इस्त्री लावली, तापली. चार्जरच्या ठोकळ्यात वीज येते का? त्याचा हिरवा दिवा लागलेला. वायर कुठे चेपली, उंदराने कुरतडली? बोटांनी टोकापर्यंत चाचपली, धड होती. बरं, दुकानदाराच्या चार्जरनेही काही झालं नव्हतं. म्हणजे दोष वायरीत नव्हता. उरलं एकच ठिकाण, वायर जिथून आत शिरते ते भोक.

"परवापर्यंत पिन आत जाताना टक् वाजायची," ती म्हणाली. "आज वाजत नाही. अन् बघा, रेसभर बाहेरच राहतेय."

"आत काहीतरी आहे," यज्ञेश्वर पुढे सरसावले. "पिन आण. नाहीतर सुई."

"लोखंड घालू नका हो! आधी चार्जर काढा. खालची बॅटरीपण काढा."

मोबाइलच्या उजेडात तिने भोकात पाहिलं. आत काहीतरी लालसर होतं. तिने एक उदबत्ती घेतली, मसाला खरवडला, काडी ब्लेडने तासून केसासारखी बारीक केली आणि कडेकडेने हळूच फिरवली. लाल भुकटी पडली. मग एक तुकडा घरंगळला, पाठोपाठ दुसरा. तिने ते तळहातावर घेतले. कुंकवात माखलेला तांदूळ होता.

दोघांची नजर एकदमच देवघराकडे गेली.

काल दसऱ्याची पूजा तिनेच मांडली होती. पाटीवरची सरस्वती, शेजारी पोथ्या, चिपळ्या आणि यंदा पहिल्यांदाच हा लॅपटॉप. कीर्तनाच्या, म्हणजे नारदांच्या सेवेला लागलेलं हत्यार, त्याची पूजा नको? पाटावर जागा पुरेना म्हणून तिने तो पोथ्यांना टेकवून कडेवर उभा केला होता, भोकाची बाजू वर. गंध लावलं, फूल वाहिलं आणि मोठ्या भक्तिभावाने ओंजळभर कुंकुम-अक्षता घातल्या. एक दाणा नेमका आत गेला. पूजा आवरल्यावर तिनेच वरून चार्जर दाबून बसवला होता.

"निवडून घेतले होते हो एकेक दाणे," ती कळवळली. "एक मोडका नव्हता त्यात."

"तुझ्या पिनेनं मोडला ना तो!" यज्ञेश्वरांना हसू आवरेना. "तू अक्षता वाहिलीस, या लॅपटॉपनं ती आत घेतली. सरस्वतीला कशाला बोल लावायचा?"

"हसा! आता बॅटरी बसवून ती पिन लावा आधी."

टक् वाजलं. लॅपटॉपच्या कडेला मुंगीच्या डोळ्याएवढा दिवा लागला. अंबिकाने दोन्ही हात जोडले आणि लगेच बजावलं, "पेन ड्राइव्ह शोधा. आत्ताच्या आत्ता."

दिवेलागणीला ती मंदिरात पोचली, तेव्हा गजाननची पार्टी ढोलक, सिंथेसायझर, भोंगे मांडून सभामंडपाच्या मधोमध बसलेली. कीर्तनाची गादी खांबाकडे सरकवलेली. पेटीवाले नारायणराव त्या खांबाला टेकून खाली मान घालून बसले होते. सतरंजी मात्र भरलेली होती. भजनसंध्येचा निरोप घरोघर गेला होता.

आबासाहेब पुढे आले. "आलात? बरं झालं. आता असं करू, अर्धा तास तुमचा. निरूपणाचा पूर्वरंग करा, पुरे. मग यांचं सुरू."

"पूर्वरंगानंतर कथेचा उत्तररंग असतो, आबासाहेब."

"असतो हो. पण ऐकायला कोण असतं?"

अंबिका पुढे झाली. तिने गादी उचलली, देवाच्या समोर आणून अंथरली आणि गजाननकडे वळली. "तुमच्या विजेच्या बोर्डातली एक जागा द्या, भैया. आमच्या यंत्राला भूक लागलीय."

गजाननने आबासाहेबांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. एक वायर उपटली. "लीजिए, दीदी."

यज्ञेश्वर लॅपटॉपपाशी बसले. नारायणरावांनी पेटीला वारा दिला आणि अंबिकाने चिपळ्या वाजवल्या.

नामाची गोडी का सुटत नाही, यावर तिने निरूपण लावलं. ती गाई, आणि भिंतीवर ओळ उमटे, शेजारी तिचा अर्थ. सुरुवातीला मागे कुजबुज होती. मग कुजबुज थांबली. भजनाला आलेल्या एक म्हातारबाई चष्मा वर करून मोठ्याने वाचू लागल्या, त्यांची नात त्यांना सुधारू लागली. अंबिकाने विनोद केला, तर मराठीवाले आधी हसले आणि हिंदीवाले भिंत वाचून नंतर. हसण्याच्या दोन लाटा आल्या तसा तिच्या आवाजाला जोर चढला. "राजानं हुकूम काढला, हे नाव घ्यायचं नाही," ती म्हणाली. "आणि त्याच्याच घरात, त्याच्याच पोटचं एक लेकरू होतं..."

इथे तिला थांबायचं होतं. गोष्ट उत्तररंगाची. पण यज्ञेश्वरांचं बोट एक बटण जास्त दाबलं गेलं आणि भिंतीवर मोठ्या अक्षरांत आलं: 'कथा प्रह्लाद की, एरच वाले'.

"अरी, जे तो अपने एरच के प्रह्लाद हैं!" म्हातारबाई ओरडल्या. सतरंजीभर खळबळ उडाली. एरच म्हणजे प्रल्हादाचं गाव मानलेलं, इथून बसने जाण्याजोगं, अर्ध्या जणींचं माहेर त्या वाटेवरचं.

अंबिकाने नामाचा गजर धरला. पूर्वरंग संपला की गजर व्हायचा आणि गजर चालू असताना यजमानाने येऊन कीर्तनकाराला बुक्का लावून हार घालायचा, अशी रीत. हार पडला की उत्तररंग सुरू. मग आरतीशिवाय कीर्तन उतरत नाही. आणि यजमान होते आबासाहेब.

ते खांबाशी उभे होते. तबक हातात होतं, हार तबकात. त्यांनी घड्याळाकडे बोट दाखवलं. अंबिकाने पाहिलं आणि हारासाठी मान पुढे केली. वाकलेल्या मानेनेच ती गात राहिली.

गजर चालला. सतरंजी टाळ्या वाजवू लागली. आबासाहेबांनी गजाननला डोळ्याने खुणावलं, तुझं भजन सुरू कर. गजाननने ढोलक मांडीवर ओढली आणि गजराच्या ठेक्यात हात टाकला.

"तसं नव्हे रे!" आबासाहेब म्हणाले, पण त्या दणदणाटात ते कुणाला ऐकू गेलं नाही.

आता सगळं मंदिर गात होतं आणि सगळं मंदिर आबासाहेबांच्या हातातल्या तबकाकडे बघत होतं. म्हातारबाईंनी हात नाचवून विचारलं, "काए लाला, पहना काए नहीं रहे?" बायका फिसकन हसल्या. आबासाहेबांनी तबक या हातातून त्या हातात घेतलं. ते एक पाऊल पुढे आले आणि थांबले. अंबिकाची मान दुखत होती, गळ्याच्या शिरा ताणल्या होत्या. तरी ती हलली नाही. हाराशिवाय उत्तररंग सुरू करून ती रीत मोडणार नव्हती, आणि हाराशिवाय खाली बसून त्यांना सोडणारही नव्हती.

शेवटी ते आले. बुक्का लावला. हार घालताना कानाशी पुटपुटले, "ठीक आहे. पण पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी बघू."

"बघायचं काय त्यात?" अंबिका मान सरळ करत म्हणाली. माईक छातीशीच होता, शब्द कोपऱ्यापर्यंत गेले. "एकादशी कीर्तनाची आहे. तुम्ही फक्त हार जरा लवकर आणत जा."

मग ती लोकांकडे वळली, चिपळ्या वर धरल्या आणि यज्ञेश्वरांना म्हणाली, "पुढची ओळ लावा."